मागच्या खोलीतलं म्हणणं

शैलजाला मेलेल्या माणसाची भीती वाटायची, आणि जिवंत माणसांची त्याहून जास्त. त्या ऑगस्टच्या दुपारी दोन्ही एकाच छपराखाली जमले होते. पुढच्या मोठ्या खोलीत कानेजिरो-आजोबा पांढऱ्या पेटीत निजलेले, कुशीला बर्फाच्या लाद्या. आणि त्यांच्यासमोर काळ्या कपड्यांतलं निम्मं गाव गुडघे दुमडून बसलेलं. शैलजा स्वयंपाकघरात उभी राहून पुसलेलेच कप पुन्हा पुसत होती. देवळाचे ओबोसान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत भटजी, आले की तिला कप ठेवून मागच्या खोलीत जायचं होतं. तिथे तिने काय करायचं हे घरात चौघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक पेटीत होता.

पुण्याची मुलगी जपानच्या दक्षिण टोकाच्या एका बेटावर येऊन असल्या भानगडीत पडते कशी, हे आधी सांगायला हवं. साल दोन हजार चार. सरकारने लहान लहान गावं एकमेकांत मिसळून टाकायचा सपाटा लावला होता, आणि गावं मिसळायची म्हणजे त्यांची कॉम्प्युटरमधली माहितीही मिसळायची. शैलजाचा नवरा निहार टोकियोतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. बोटीने जावं लागणाऱ्या इसोमी गावात वर्षभर राहायला कुणी जपानी इंजिनियर तयार होईना, तेव्हा साहेबांना एकदम भारतीयांची मेहनती वृत्ती आठवली. टोकियोजवळच्या ग्योतोकूत त्यांचं छान चाललं होतं. चार मराठी घरं शेजारी, कोथिंबीर हाताशी. पण आपल्या माणसाला 'नाही' म्हणायचं वळण नाही. आले इसोमीला, आणि इवामुरांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला.

इवामुरा म्हणजे कानेजिरो-आजोबा आणि तोमे-आजी. त्यांचा मुलगा मासातो गावच्या कचेरीत होता, निहारचं काम त्याच्याच देखरेखीखाली चालायचं. म्हणजे घरमालकाचा मुलगा आणि साहेब एकच. अशा घरात माणूस पाऊलसुद्धा बेताने टाकतो.

पुण्याने शैलजाला दोन गोष्टी दिल्या होत्या: जपानीची तिसरी परीक्षा आणि पाठांतर. शाळेतल्या गीतापठणात ती दरवर्षी पहिली यायची, आणि कणीक मळताना अजून तिच्या तोंडून अध्याय सुरू व्हायचा. एकदा मळता मळता तिने मागे पाहिलं तर दारात तोमे-आजी उभ्या.

"हे कुठे लिहिलेलं आहे?" आजींनी विचारलं.

"पुस्तकात आहे. पण मला पाठ आहे."

"न बघता? सगळं?"

"हो. लहानपणी ऐकून ऐकून झालं."

आजींनी मान हलवली आणि निघून गेल्या. पण पुढच्या आठवड्यात आजोबांना डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी आजींनी शैलजाला खाली बोलावलं, खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला, आणि घराण्याची गोष्ट सांगितली.

इवामुरांचं घराणं बौद्ध देवळाचं नव्हतंच. चारशे वर्षांपूर्वी परदेशी पाद्री या किनाऱ्यांवर आले, गावंच्या गावं त्यांच्या धर्मात गेली, आणि मग राजसत्ता फिरली. धर्म सोडा नाहीतर जीव सोडा. कित्येकांनी जीव सोडला. उरलेल्यांनी दाखवायला देऊळ धरलं आणि घरात आपलं ते चालू ठेवलं. ना पाद्री, ना पुस्तक, नुसतं सासूकडून सुनेकडे, तोंडातून कानात. माणूस मेला की देवळाचे ओबोसान येऊन सूत्र म्हणायचे. तसा कायदाच होता. आणि ते पुढच्या खोलीत म्हणत असताना मागच्या खोलीत घरातलं कुणीतरी बसायचं आणि ओठांतल्या ओठांत दुसरं म्हणणं म्हणायचं. ते म्हणणं सूत्र पुसून टाकायचं. पुसलं गेलं की माणूस आपल्या माणसांकडे जायचा.

"पुसलं गेलं नाही तर?" शैलजाने विचारलं.

"तर तो एकटा पडतो. आपले सगळे एकीकडे, तो दुसरीकडे. कायमचा."

मासातोने यातलं काही शिकून घेतलं नव्हतं. त्याला ते आडगावचं, लाजिरवाणं वाटायचं. ज्यांना येत होतं ते एकेक करून गेले. उरल्या तोमे-आजी, आणि नवऱ्याच्या अंत्यविधीला बायको पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या नजरेसमोर. ती मागच्या खोलीत जाणार कशी?

"पण आजी, आता कोण पकडणार तुम्हाला? आता कुणी काही म्हणत नाही."

"कुणी नाही पकडणार, खरंय," आजी म्हणाल्या. "पण मला सासूने घाबरत घाबरत शिकवलं, मी घाबरत घाबरत शिकले. न घाबरता म्हटलं तर ते लागू पडतं का, कुणाला ठाऊक?"

आणि गावच्या ओबोसानांचं नाव काढलं तरी आजींचा आवाज बसायचा. उंच, जाड भुवयांचे, कधी न हसणारे म्हातारे. त्यांच्या देवळाने जुन्या काळी लोकांची नावं वर कळवली होती अशी बोलवा होती. सणाला ते घरी आले की आजी चहा देताना कप दोन्ही हातांनी धरत, तरी तो बशीत वाजायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही.

शैलजा नाही म्हणणार होती. खरंच म्हणणार होती. पण आजोबांनी अंथरुणातून तिचा हात धरला. त्या हातात जोर नव्हता म्हणूनच तो सोडवता येईना. "मला एकट्याला पाठवू नका," एवढंच ते म्हणाले. मग काय, बसली शिकायला. भर दुपारी एका गादीवर एक गोधडी डोक्यावरून घेऊन दोन बायका, एक पंचाहत्तरीच्या पलीकडची, एक तिशीतली, एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून पुटपुटतायत. निहारने पाहिलं असतं तर दोघींना डॉक्टरकडे नेलं असतं. ते म्हणणं ना धड जपानी, ना धड कुठल्या पाद्र्याची भाषा. तोंडातोंडी झिजून त्याचे नुसते गोटे उरलेले. अर्थ आजींनाही ठाऊक नव्हता. नियम मात्र पक्के होते. सूत्र सुरू झाल्यावर सुरू करायचं, सूत्र संपायच्या आत संपवायचं. मध्ये अडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि आवाज अजिबात नाही. शैलजाच्या घशातून जराही स्वर निघाला की आजी गोधडीतल्या गोधडीत तिच्या मनगटावर चापट मारत. "ओठ," त्या म्हणत. "फक्त ओठ."

अंत्यविधीच्या दिवशी सकाळी तिने निहारला सगळं सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"शैलू, तुला वेड लागलंय का? मासातो-सान माझा क्लायंट आहे! कालच तो आईला म्हणत होता, जुनं काही नको, फक्त टेंपलचं. कचेरीतले सगळे सीनियर लोक येणारेत. फॉरेनरने त्यांच्या घरच्या फ्युनरलमध्ये लुडबूड केली असं झालं ना, तर कॉन्ट्रॅक्ट गेलं, व्हिसा गेला, सगळं गेलं."

"मी आजोबांना हो म्हटलंय."

"ते गेले गं."

"म्हणून तर."

निहारला टाय काही नीट बांधता येईना. शेवटी तिनेच तो बांधून दिला.

तर अशी ती आता कप पुसत उभी. बाहेर जोडे काढल्याचा आवाज झाला, खोलीत एकदम शांतता पसरली, आणि ओबोसान आत आले. त्यांच्या रेशमी वस्त्राची सळसळ स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली. शैलजाने कप ठेवला. ती मागच्या खोलीत गेली.

ती खोली म्हणजे गाद्या ठेवायची अंधारी जागा. पुढच्या खोलीत आणि तिच्यात एक सरकता कागदी दरवाजा, फुसुमा. त्याला धक्का लागला तरी हलेल असा. पलीकडे हातभर अंतरावर आजोबांची पेटी. तिला वाटलं, बर्फाचा गारवा कागदातून येऊन तिच्या गुडघ्यांना लागतोय. पुढे घंटा वाजली, आणि ओबोसानांचा खोल, एकसुरी आवाज सुरू झाला.

तिने डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली.

सुरुवात बरी झाली. पाठांतराचं एक असतं, जीभ आपली आपण चालते, मन कुठेही असो. पण मन नको तिथे जायला लागलं की जीभही अडखळते. पलीकडे कुणीतरी खाकरलं. मासातो असेल का? त्याला संशय आला असेल का? निहार कुठे बसलाय? तिला वाटलं, पेटीतले आजोबा कान देऊन ऐकतायत. आणि मग काय झालं कोण जाणे, मधल्या एका ओळीपाशी तिची जीभ थांबली. पुढे काहीच नाही. नुसती कोरी भिंत.

अडलं तर पुन्हा पहिल्यापासून. पण वेळ किती उरलाय? ओबोसान कुठवर आलेत? तिने मागची ओळ धरली, पुन्हा अडली. पुन्हा धरली, पुन्हा अडली. आणि मग तिने तेच केलं जे गीतापठणाच्या प्रत्येक स्पर्धेत अडलेली प्रत्येक मराठी पोर करते. दोन ओळी मागे गेली, दम घेतला आणि धावत येऊन उडी मारावी तशी मोठ्याने सुरुवात केली.

मोठ्याने. घशातून. खणखणीत.

उडी जमली. अडलेला शब्द मिळाला. पण तो मिळायच्या आत पलीकडचं सूत्र थांबलं होतं.

शैलजाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. अशी शांतता तिने आयुष्यात अनुभवली नव्हती. पुढे एवढी माणसं, आणि कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना. बाहेर झाडावर रातकिड्यांसारखे ओरडणारे किडे तेवढे चालू. सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकलं नसणं शक्यच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर निहारचा चेहरा आला, मग तोमे-आजींचा. चारशे वर्षं जे कुणी बाहेर जाऊ दिलं नाही ते पुण्याच्या या बयेने एका दमात चव्हाट्यावर आणलं होतं. कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. आता फुसुमा सरकणार. आता. तिला रडायला येत होतं, आणि लघवीलाही.

"क्षमा करा," पलीकडून ओबोसान म्हणाले. तोच खोल, एकसुरी आवाज. "म्हातारा झालो. एक ओळ गाळली मी. बसा, मासातो-सान. पहिल्यापासून म्हणतो."

घंटा वाजली. आणि सूत्र सुरू झालं, पहिल्या शब्दापासून, आणि आता इतकं मोठ्याने की कागदी दरवाजा थरथरायला लागला.

शैलजाला काही कळेना. कळायची वेळही नव्हती. तिने तोंडावरचे हात काढले आणि तीही पहिल्यापासून सुरू झाली, ओठांतल्या ओठांत, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून टपटपत असताना. पलीकडचा आवाज सावकाश चालला होता, एकेक शब्द ओढत, बैलगाडी चढावर जाते तसा. ती कुठे अडली नाही. शेवटचा शब्द झाला तेव्हा सूत्र बरंच बाकी होतं. मग मात्र ती तिथेच गाद्यांवर डोकं टेकून बसली.

लोकांनी काय ऐकलं, काय समजले, देव जाणे. कुणीच काही बोललं नाही. पेटी गेली, दहन झालं, आणि ऊन कलल्यावर घरची माणसं अस्थींचा पांढरा कलश घेऊन परतली. त्यांच्याकडे त्याच दिवशी पुढचाही विधी उरकून घ्यायची पद्धत असते, म्हणून ओबोसान सोबत होते. बाकीचे पाहुणे पांगले. खोलीत उरले मासातो, तोमे-आजी, कोपऱ्यात चोरासारखा बसलेला निहार, आणि चहा घेऊन आलेली शैलजा. मासातोने तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. रागावलाय की लाजलाय ते कळेना.

तिने ओबोसानांसमोर कप ठेवला. तो वाजला. त्यांनी जाड भुवया वर केल्या.

"तुमचा आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "पण लहान ठेवा. इवामुरांच्या घरी मोठा आवाज आमचा असतो."

तोमे-आजींच्या हातातला रुमाल खाली पडला. "तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. आवाज जेमतेम फुटला.

"देवळात नवा माणूस आला की त्याला सांगतात, कुठल्या घरी मोठ्याने म्हणायचं. मला वडिलांनी सांगितलं, त्यांना आजोबांनी."

"मग सांगायचं होतंत!" आजी एकदम ओरडल्या. एवढ्याशा बाईत एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं. "एवढी वर्षं तुम्ही दारात आलात की माझं काळीज हलायचं. सांगायचं होतंत ना एकदा!"

"सांगायची रीत नाही," ओबोसान म्हणाले. "जुन्या काळी 'ठाऊक आहे' म्हटलं की वर कळवावं लागायचं. म्हणून ठाऊक नाही म्हणायचं आणि सूत्र मोठ्याने म्हणायचं. आम्हाला तेवढंच शिकवलं."

आजींनी रुमाल उचलला. मग त्या बोलल्या ते कलशाकडे बघत, ओबोसानांकडे न बघता. "हे आज आपल्या माणसांत गेले. पण यांची आई तिथे नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मागच्या खोलीत मी होते, नवी सून. तुमचे वडील म्हणता म्हणता मध्येच थांबले. मला वाटलं, ऐकलं त्यांनी. मी मागच्या दाराने पळाले ती थेट समुद्रावर. अंधार पडल्यावर परत आले. अर्धंच राहिलं ते. यांना मी कधी सांगितलं नाही. रोज जेवायला वाढलं, पण सांगितलं नाही."

मासातोने चमकून आईकडे पाहिलं.

ओबोसानांनी कप खाली ठेवला. "मी होतो त्या दिवशी," ते हळूच म्हणाले. "तेव्हा नुकतंच डोकं भादरलेलं, घंटा वाजवायला मी बसलो होतो. वडील थांबले ते मागचं माणूस अडलंय का ते बघायला. काहीच चाहूल लागेना, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून म्हटलं. मग पुन्हा. मग पुन्हा. लोक कंटाळून उठून गेले. माझे पाय बधिर झाले, मी रडकुंडीला आलो. वडील थांबायला तयार नाहीत. घरी जाताना मी विचारलं, असं का? तर म्हणाले, आत कुणीतरी घाबरलंय, त्याला वेळ द्यायला हवा."

तोमे-आजींनी दोन्ही हात चटईवर टेकले. शैलजाने पुढे होऊन त्यांना धरलं.

"आता म्हटलं तर चालेल?" आजींनी विचारलं. "इतक्या उशिरा?"

"ते मला ठाऊक नाही," ओबोसान म्हणाले. "माझी बाजू मी म्हणू शकतो."

ते वळून कलशासमोर बसले. घंटा वाजली. आजी उठल्या, शैलजाचा हात बाजूला केला, मागच्या खोलीत गेल्या आणि आतून फुसुमा लावून घेतला.

सूत्र सुरू झालं. मागून काहीच ऐकू येईना. ना स्वर, ना श्वास, ना चटईची करकर. शैलजा कान देऊन बसली. ओबोसान शेवटापर्यंत आले आणि न थांबता पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू झाले. मागे शांतताच. निहारने शैलजाकडे पाहिलं, आणि दोघांच्या मनात एकच भीती आली: त्या खोलीला मागचं दार आहे. मासातो अर्धवट उठला. ओबोसानांनी म्हणता म्हणताच हात वर केला आणि त्याला खाली बसवलं. बाहेर ऊन विझत चाललं होतं. सूत्र तिसऱ्यांदा सुरू झालं. त्यांचा आवाज आता घोगरा झाला होता, मध्ये मध्ये फाटत होता, पण लहान होत नव्हता.

मग फुसुमा सरकला. तोमे-आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी ओबोसानांच्या पाठीकडे बघून खाली वाकून नमस्कार केला, आणि ओबोसानांनी मागे न बघता सूत्र पुरं करून घंटा वाजवली.